यंत्राचे विस्मरण

२०२४ च्या आषाढातली गोष्ट. बेळगावचा पाऊस कसा असतो, हे येथल्या वाचकांना सांगायला नको. तीन दिवस सूर्याचे दर्शन नव्हते. रविवारी सकाळी मी ओसरीवर बसून आठवीच्या निबंधांच्या वह्या तपासत होतो. इतक्यात फाटक वाजले आणि अंगावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेला एक गृहस्थ आत आला. ओळख पटायला क्षणभर वेळ लागला. तीसेक वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात मी शिक्षक होतो, तेव्हा पहिल्या बाकावर बसणारा हा मुलगा. आता त्याच्या कानांजवळचे केस पांढरे झाले आहेत आणि उद्यमबागेत त्याचा एक छोटासा कारखाना आहे. बारा माणसे तेथे काम करतात. त्यांतल्या दोघांची मुले माझ्याच शाळेत शिकतात.

खोळ बाजूला ठेवून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, "सर, तुमच्या शाळेत जुने संगणक आहेत काय वो? अगदी जुने. बंद असले तरी चालतील."

"शाळेला नवे संगणक द्यायला येणारे पाहिले," मी म्हटले, "जुने मागायला आलेला तूच पहिला!"

तो हसला नाही. त्याने पुडके सोडले. आत संगणकाचा मदरबोर्ड होता. त्याच्या एका कोपऱ्यात हिरवट-निळसर थर चढला होता. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिले म्हणजे ते जसे कळकते, अगदी तसा. "यंत्र बंद पडून आज नववा दिवस," तो म्हणाला.

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या मास्तराला या विषयातले काय कळणार, असे वाचकांना वाटेल आणि ते खरेच आहे. परंतु पुढच्या महिनाभरात या शिष्याने मला जे शिकवले, ते अनेकांच्या उपयोगी पडण्यासारखे आहे, म्हणून या महिन्याचे सदर त्यासाठी राखून ठेवले आहे.

त्याच्या कारखान्यात संगणकावर चालणारे एक मिलिंग मशीन आहे. ते १९९४ साली परदेशात घडवलेले. २००८ साली बँकेचे कर्ज काढून त्याने ते जुने म्हणून विकत घेतले. हायड्रॉलिक यंत्रांना लागणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडी त्यावर तयार होतात. बिडाची ती जड बैठक, घासूनपुसून सपाट केलेल्या तिच्या सरकपट्ट्या, टेबल पुढेमागे नेणारे स्क्रू हे सारे आजही ठणठणीत आहे. नीट निगा राखली तर आणखी वीस वर्षे त्याला काही व्हायचे नाही. पण या अजस्र देहाला हालवणारा मेंदू म्हणजे तीस वर्षांपूर्वीचा एक साधा संगणक. त्यात ४८६ जातीचा प्रोसेसर, काळ्या पडद्यावर अक्षरे उमटवणारी डॉस ही प्रणाली आणि १३० मेगाबाइटची हार्ड डिस्क. आजच्या फोनवर काढलेल्या तीस-चाळीस छायाचित्रांतच ती भरून जाईल.

संगणक बंद असतानाही त्याला दिनांक, वेळ आणि आपल्याला कोणती डिस्क जोडली आहे, एवढे तरी आठवावे म्हणून त्या काळच्या अनेक मदरबोर्डांवर बोटाच्या पेराएवढी एक बॅटरी डाख देऊन बसवलेली असे. निकेल आणि कॅडमियम या धातूंची ही बॅटरी वय झाले की झिरपू लागते. आतला क्षार बाहेर येतो आणि मदरबोर्डावरच्या तांब्याच्या केसासारख्या रेषा खाऊन टाकतो. जे उपकरण स्मृती जपण्यासाठी ठेवले, त्यानेच मेंदू पोखरावा, असा हा प्रकार. शिष्याचे यंत्र नेमके यानेच बंद पडले होते.

"मग नवा संगणक आणून बसव," असा माझा सरळ सल्ला. त्यावर त्याने जे सांगितले, ते ऐकून मी वह्या बाजूला ठेवल्या.

यंत्राच्या मोटारींना हुकूम देणारे जे कार्ड असते, ते संगणकातल्या एका लांब स्लॉटमध्ये बसते. त्या स्लॉटला आय. एस. ए. असे नाव आहे. आय. बी. एम. कंपनीने १९८१ साली आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, त्या वेळेपासूनची ही रचना. सन २००० च्या सुमारास ती नव्या संगणकांतून नाहीशी होऊ लागली. आज दुकानातून आणलेल्या साध्या संगणकात ते कार्ड बसवायला जागाच नाही. कारखान्यांसाठी म्हणून तसा स्लॉट असलेले नवे मदरबोर्ड आजही बनतात, पण तेथे दुसरीच अडचण उभी राहते. हे संगणक फार वेगवान असतात! जुने प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी काही ठिकाणी 'अमुक इतके आकडे मोजून होईपर्यंत थांब' अशी योजना केलेली असे. त्या काळच्या संगणकाला ते मोजायला ठरावीक वेळ लागे. आजचा संगणक ते निमिषार्धात मोजून मोकळा होतो. लपंडावात राज्य आलेल्या गड्याने शंभर आकडे दोन श्वासांत म्हणून टाकावेत आणि बाकीच्यांना लपायलाही सवड मिळू नये, तशी त्या प्रोग्रामची गत होते. तो चुकतो किंवा अडून बसतो. म्हणजे मंद विद्यार्थ्याच्या जागी हुशार बसवून भागत नाही. जुनाच मंद विद्यार्थी हवा!

कंट्रोलर, मोटारी, तारा असे सगळेच बदलायचे तर सहा-सात लाखांचे दरपत्रक आले होते. जुने कर्ज नुकते कुठे फिटले होते. शिवाय ते काम व्हायला दोन महिने, आणि तोवर कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाने माल दुसरीकडून घेतला असता. "एकदा गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही वो, सर," तो म्हणाला.

आता माझ्या अपराधाकडे येतो. मी या शाळेत मुख्याध्यापक म्हणून आलो, तेव्हा अडगळीच्या खोलीत असे चार संगणक होते. एका बँकेने नवी यंत्रे घेतली, तेव्हा १९९९ साली आपली जुनी यंत्रे शाळेला देऊन टाकली होती. पत्र्याच्या उंच पेट्या, पिवळट पडलेले पडदे. सगळे ४८६ जातीचे. २०२१ साली जडवस्तू नोंदवही अद्ययावत करताना मी ते निर्लेखित केले. समितीचा ठराव, वरिष्ठांची मंजुरी, ई-कचऱ्याच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत संस्थेकडे सुपूर्त केल्याची पावती हे सारे माझ्या दप्तरी व्यवस्थित आहे. चार संचांचे मिळून वजनावर अकराशे रुपये शाळेच्या खात्यात जमा झाले. त्या दिवशी खोली रिकामी झाल्याचे मला केवढे समाधान वाटले होते! नियमाचा भंग मी केला नाही, आणि तरीही शिष्य समोर बसलेला असताना मला त्याच्याकडे पाहवेना. उद्यमबाग माझ्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. 'यातले कोणाला काही उपयोगी पडेल का?' एवढे विचारणे त्या वेळी माझ्या मनातही आले नव्हते.

ही अडचण आमच्या उद्यमबागेपुरतीच आहे असे समजू नये. अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेवरही हीच पाळी आली होती. अवकाशयानाच्या बूस्टर रॉकेटांची तपासणी करणाऱ्या उपकरणांत इंटेल कंपनीची ८०८६ ही चिप होती. ही चिप १९७८ साली निघालेली. पुढे ती मिळेनाशी झाली, तेव्हा २००२ साली या संस्थेने टाकाऊ झालेली वैद्यकीय उपकरणे विकत घेऊन त्यांतून त्या चिप काढून घेतल्याचे प्रसिद्ध झाले. तिचे लोक जुन्या सामानाच्या ऑनलाइन बाजारातही असे भाग शोधत असत. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या संस्थेला जिथे भंगार उपसावे लागते, तिथे आमच्या शिष्याची काय कथा!

दुसरे उदाहरण माझ्या व्यवसायातले. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचे गाव आहे. तेथील १९ सार्वजनिक शाळांतील तापमान राखण्याची यंत्रणा १९८० च्या दशकात बसवलेला कमोडोर अमिगा हा एकच संगणक चालवत होता. २०१५ साली ही बातमी जगभर झाली. त्याचा प्रोग्राम लिहिला होता तेथल्याच एका शाळकरी मुलाने. मुलगा मोठा झाला, तरी गावातच राहिला. तीस वर्षांनंतरही काही बिघडले की शाळांना त्यालाच बोलवावे लागे. तो गाव सोडून गेला असता तर? हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवत होतो. त्याचे उत्तर मला उद्यमबागेत मिळाले. ते पुढे येईलच.

शिष्याने शोध सुरू केला. बेळगावातली भंगाराची दुकाने झाली, कोल्हापूरची झाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ओळखीच्या माणसाला पाठवून झाले. एका व्यापाऱ्याने उत्तम बोर्डाचे छायाचित्र दाखवून आगाऊ पैसे घेतले आणि टपालाने जो बोर्ड पाठवला, तो निर्जीव निघाला. या बाजारात फसवणूक पुष्कळ. चिपवरची जुनी अक्षरे घासून तेथे नवी छापलेली असतात आणि वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. शेवटी तो रात्रीच्या गाडीने बेंगळुरूला गेला. तेथील एस. पी. रोडवर विद्युत-सामानाची दाटी आहे. तिसऱ्या खेपेला एका जिन्याखालच्या दुकानात त्याला हवा तसा मदरबोर्ड सापडला. पूर्वी तो एका छापखान्यात अक्षरजुळणीच्या कामाला होता म्हणे. त्यावरची बॅटरी कोणा शहाण्या माणसाने वेळीच कापून काढली होती, म्हणून तो वाचला. आधी पोळलेल्या शिष्याने दुकानातच पडदा जोडून तासभर तो चालवून पाहिला आणि मगच पैसे मोजले. नऊ हजार रुपये! माझ्या शाळेचे चार संच अकराशे रुपयांना गेले होते, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. आता हे सदर वाचून त्याला कळेल.

मदरबोर्ड आला, कार्ड बसले, पडदा उजळला. आणि यंत्र पुन्हा अडले.

त्या काळच्या संगणकाला आपली हार्ड डिस्क आपोआप ओळखता येतेच असे नाही. डिस्कमध्ये सिलिंडर किती, हेड किती आणि सेक्टर किती, हे तीन आकडे त्याला हाताने सांगावे लागतात. जुन्या बॅटरीबरोबर ते पुसले गेले होते. डिस्कवरची चिठ्ठी तेलाने आणि उष्णतेने केव्हाच काळी पडली होती. लोखंड शाबूत, मोटारी शाबूत, मेंदूही मिळालेला, आणि सारा कारखाना तीन आकड्यांवाचून थांबलेला!

हे आकडे एका माणसाला ठाऊक होते. कारखान्यात पहिल्यापासून काम केलेले एक मिस्त्री. शिक्षण चौथीपर्यंत, पण यंत्राच्या आवाजावरून दुखणे ओळखणारा माणूस. ते २०२१ साली निवर्तले. त्यांच्या पेटीत लाल पुठ्ठ्याची एक हिशेबाची वही होती. कोणता पट्टा कधी बदलला, कोणत्या बेअरिंगला कोणते तेल, सारे पेन्सिलीने मराठीत लिहिलेले. शिष्य त्या दिवशी गिऱ्हाइकाची समजूत घालायला कोल्हापूरला गेला होता. त्याचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने ती वही शोधली, तीन आकडे असलेले पानही काढले. आकडे भरले, पण डिस्क काही सापडेना. सायंकाळी त्याने मला फोन केला, "सर, बाबा म्हणाले, वहीतले अक्षर लागत नसेल तर सरांना विचार. येता काय?"

मी रिक्षा करून गेलो. माणसे दाराशी उभी होती. यंत्राजवळच्या स्टुलावर बसून मी चष्मा पुसला आणि वही हातात घेतली. पडद्यावर १००१, १५ आणि १६ असे आकडे होते. वहीत पाहतो तो शेवटचा आकडा १७!

"हा सोळा कुठून आणलास?"

"इथे आहे की, सर," असे म्हणून त्याने मिस्त्रींच्या सातावर बोट ठेवले.

चूक मुलाची नव्हती. तो पहिल्यापासून इंग्रजी शाळेत शिकलेला. मराठी एक, पाच आणि शून्य त्याला ओळखू आले. पण मराठी सात आणि इंग्रजी सहा यांचा तोंडवळा सारखा आहे, आणि मिस्त्रींच्या हाताला वळणही भारी. मराठी चार तसाच इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठी एक इंग्रजी नवासारखा. घरात मराठी बोलणारा, मराठी गाणी ऐकणारा हा मुलगा आपल्याच कारखान्यातल्या वहीतला सात वाचू शकला नाही. मी त्याला तेथे काही बोललो नाही. बोलण्यासारखे असलेच तर ते आम्हा मोठ्या माणसांना.

त्याने सोळाचे सतरा केले. आतली डिस्क घरघरली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या आणि काही वेळाने ते जड टेबल हळूहळू सरकत आपल्या मूळ जागी येऊन थांबले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दाराशी उभ्या असलेल्यांपैकी एक जण आत आला, त्याने कूलंटचा पंप सुरू केला आणि पहिली व्हॉल्व्ह बॉडी शिकंजात धरली. कोल्हापूरचा माल आठवडाभर उशिरा गेला, पण गेला.

माझ्या आजोबांच्या जमिनीचे काही कागद मोडी लिपीत आहेत. ट्रंकेत ते सुरक्षित आहेत. वाळवी लागलेली नाही, शाईसुद्धा फिकी झालेली नाही. पण घरात ते कोणाला वाचता येत नाहीत. मीही त्यांच्यासमोर निरक्षरच. वस्तू जपली आणि ती वाचण्याची रीत जपली नाही, तर जपलेल्या वस्तूचा भार तेवढा उरतो. यंत्राचेही तसेच आहे, हे मला त्या सायंकाळी कळले. जुना भाग हिंडून, पैसे खर्चून, नशीब असेल तर सापडतो. माणसाबरोबर गेलेली माहिती कोणत्याही बाजारात मिळत नाही. मिस्त्री गेले, पण जाण्यापूर्वी लिहून ठेवून गेले, म्हणून बारा घरांतल्या चुली चालू राहिल्या. ग्रँड रॅपिड्सचा तो मुलगा गाव सोडून गेला असता, तर त्याने मागे वही ठेवली होती की नाही, यावरच सारे अवलंबून राहिले असते.

ज्यांच्या कारखान्यात अशी जुनी यंत्रे आहेत, त्यांच्यासाठी शिष्याने सांगितलेल्या गोष्टी थोडक्यात देतो. संगणक उघडून आतली बॅटरी पाहावी. पेराएवढी जुनी बॅटरी डाख देऊन बसवलेली असेल, तर ती झिरपण्याची वाट न पाहता जाणत्या माणसाकडून काढून घ्यावी. मात्र त्याआधी पडद्यावरच्या सगळ्या आकड्यांची नोंद करावी, नाही तर उपायच अपाय ठरेल. जुन्या हार्ड डिस्कची तंतोतंत नक्कल मेमरी कार्डावर करून घेता येते आणि ते कार्ड डिस्कच्या जागी बसवताही येते. फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह लावता येईल असे उपकरणही मिळते. मोठ्या कंपन्यांपैकी सोनीनेही २०११ साली फ्लॉपी बनवणे थांबवले, तेव्हा हाताशी असलेल्या फ्लॉपींवर विसंबू नये. कपाटात उष्णता साठू देऊ नये. कपॅसिटर नावाचा जो भाग असतो, त्याचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीमागे सुमारे निम्म्याने घटते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नोंदी कागदावर, दोन प्रतींत ठेवाव्या. एक यंत्रापाशी, दुसरी घरी.

खंडेनवमीला शिष्याने आग्रहाने बोलावले, म्हणून गेलो होतो. यंत्राला झेंडूची माळ घातली होती. टेबलावर नारळाशेजारी मिस्त्रींची लाल वही ठेवून तिलाही हळदकुंकू वाहिले होते. तिच्या बाजूला एक कोरी करकरीत वही होती. मुलाने जुन्या वहीतला सारा मजकूर तीत उतरवला आहे. प्रत्येक आकडा आधी मराठीत आणि समोर इंग्रजीत. एके ठिकाणी त्याचा सात चुकला होता. मी खिशातले लाल पेन काढले आणि तो सुधारून दिला. सवय!

आता वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी कोणी शाळेत आहेत, कोणी बँकेत, कोणी कचेरीत. जुनी यंत्रसामग्री निर्लेखित करण्याचा कागद सहीसाठी समोर आला, तर नियम अवश्य पाळावेत. पण सही करण्यापूर्वी आपल्या गावच्या कारखानदारांना एकदा विचारावे, आणि ज्याला गरज आहे त्याला ती वस्तू रीतसर कशी घेता येईल, हेही पाहावे. आणि घरात किंवा कारखान्यात एखादा जुना जाणता माणूस असेल, तर त्याच्यापाशी वही आणि पेन्सिल घेऊन बसावे. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या आठवीच्या मुलांना मी हाच अभ्यास देणार आहे.